अठरा सेकंदांचा हिशोब

हातातलं काम सोडू नका. भाकरी तव्यावर असेल तर ती आधी उलटा, आणि मग रेडिओचा आवाज जरा मोठा करा.

आज आम्ही तुम्हाला एका विलायती मालिकेची गोष्ट सांगणार आहोत, आणि तीही सुपरहिरोची. हे ऐकून आमच्या केंद्राच्या दाराशी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आता पोरांच्या गोष्टी बायकांना सांगणार होय गं?" मावशी, आधी ऐका, मग बोला. या गोष्टीत आमचीही एक चूक आहे. तीच सांगायला आज बसलो आहोत.

आपल्याकडे सुपरहिरो म्हटलं की शक्तिमान आठवतो. १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झाला होता. आमच्यातल्या दोघींनी तो शेजाऱ्यांच्या खिडकीतून, टाचा उंच करून बघितलाय. आजची मालिका तशी नाही. तिचं नाव 'जेसिका जोन्स'. गोष्ट घडते अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. २० नोव्हेंबर २०१५ ला तिचे पहिले तेरा भाग नेटफ्लिक्सवर एकदमच आले. आधी ही चित्रकथा होती, २००१ पासून निघालेली. तिच्यावरून मेलिसा रोझेनबर्ग या बाईंनी मालिका उभी केली. जेसिकाचं काम केलंय क्रिस्टन रिटर हिनं आणि खलनायकाचं डेव्हिड टेनंट यानं. पीबॉडी नावाचा तिकडचा मानाचा पुरस्कारही तिला मिळाला.

आमच्या एका सहकारणीची लेक पुण्याला शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं लॅपटॉपवर आम्हा चौघींना ही मालिका दाखवली. आम्हाला इंग्रजी कुठं येतंय? ती दर दोन मिनिटांनी थांबवायची आणि सांगायची. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ही लेकराबाळांना घेऊन बघायची मालिका नाही. दारू आहे, रक्त आहे, नको ते बरंच आहे. आम्ही दार लावून बघितली.

तर ही जेसिका. हातानं मोटार उचलेल एवढं बळ तिच्या अंगात आहे. एका उडीत इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाते. पण राहते एका पडक्या खोलीत, दाराची काच फुटलेली. पोट भरायला लोकांची गुपितं शोधून देते, रात्रभर जागते, दारू पिते. लहानपणी अपघातात आईबाप आणि भाऊ गेले. एवढी ताकदवान बाई अशी का राहते, तर तिच्या आयुष्यात एक माणूस येऊन गेलाय. त्याचं नाव किलग्रेव्ह.

किलग्रेव्हच्या अंगात बळ नाही. तो मारत नाही, ओरडतही नाही. कपडे झकपक, बोलणं गोड. पण तो जे तोंडानं सांगेल ते समोरच्याला करावंच लागतं. "तो कोट छान आहे, दे मला," म्हटलं की माणूस अंगावरचा कोट काढून देतो. "मोटार चालव," म्हटलं की आपलं तान्हं मूल रस्त्यात सोडून बाप मोटार चालवायला लागतो. त्याच्या शरीरातून एक विषाणू बाहेर पडतो आणि जवळच्या माणसाच्या डोक्याचा ताबा घेतो, असं मालिकेत दाखवलंय. सुमारे बारा तास तो अंमल टिकतो.

आता तुम्ही म्हणाल, हे तर वशीकरण झालं. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिराती असतात तसलं. नाही. तसलं काही नसतं, आणि त्या जाहिरातवाल्या बाबांकडे पैसे घेऊन जाऊ नका, हे आम्ही या रेडिओवरून किती वेळा सांगितलंय. पण एक गंमत बघा. आपल्याकडे मुलगा बायकोचं ऐकायला लागला की चार जणी लगेच म्हणतात, "तिनं भूल घातली त्याला." बायको नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं सगळं ऐकते तेव्हा भूल घातली असं कोणी म्हणत नाही. तेव्हा म्हणतात, सून गुणाची आहे.

असो. या किलग्रेव्हनं जेसिकाला ताब्यात ठेवलं होतं. त्याच्याबरोबर भारी हॉटेलात राहायचं, त्यानं सांगितलेले कपडे घालायचे, तो हस म्हणाला की हसायचं. अंथरुणातही त्याचंच. एक दिवस त्यानं तिच्या हातून एका बाईचा जीव घेववला. त्या धक्क्यानं तिच्या डोक्यावरचा त्याचा अंमल तुटला आणि ती चालत निघून गेली. मालिका सुरू होते ती त्याच्यानंतर. तो मेला असं तिला वाटत असतं. तो मेलेला नसतो.

त्या भीतीतून बाहेर यायला जेसिका एक उपाय करते. छातीत धडधडायला लागलं, हात कापायला लागले की ती आपल्या लहानपणीच्या घराजवळच्या रस्त्यांची नावं घेते. मेन स्ट्रीट, बर्च स्ट्रीट, हिगिन्स ड्राइव्ह, कोबाल्ट लेन. बस, एवढंच. एकापुढे एक चार नावं. इथं आमच्यातली एक जण एकदम म्हणाली, "अगं, मी पण करते हे." लग्न होऊन आली तेव्हा रात्री झोप यायची नाही, मग ती मनात म्हणायची, वेस, मारुतीचं देऊळ, पाटलाचा आड, चिंच, आमचं दार. लॅपटॉप तिथंच थांबला. मग चौघींनी आपापल्या माहेरची वाट सांगितली. अर्धा तास गेला त्यात. पुण्याची पोर बिचारी आमच्या तोंडाकडे बघत बसली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढं आठव्या भागात काय होतं ते तुम्हाला कळावं. किलग्रेव्ह ते घरच विकत घेतो. जेसिकाचं लहानपणीचं घर. नुसतं घेत नाही, जुने फोटो बघून जसंच्या तसं करतो. तिची खोली, भिंतीवरची चित्रं, तिच्या गाण्यांच्या तबकड्या, सगळं होतं तिथं. आणि तिला म्हणतो, बघ, मी कोणाला हुकूम केला नाही, मालकाला मागितले त्याच्या दुप्पट पैसे रोख मोजले. तू स्वतःहून ये. तुझ्यावर माझी शक्ती वापरणार नाही, तुझ्या मर्जीशिवाय तुला हात लावणार नाही.

ऐकायला किती चांगलं. पण ते पैसे कुठले, हे आम्ही आधीच्या भागात बघितलं होतं. जुगाराच्या टेबलावर बसून, समोरच्यांना हुकूम करून गोळा केलेले. आणि 'स्वतःहून ये' म्हणायच्या आधी त्यानं काय केलेलं? पोलीस ठाण्यातल्या सगळ्या माणसांना एकमेकांच्या डोक्याला बंदुका लावायला लावलेल्या. त्या घरात स्वयंपाकाला आणि वरकामाला दोन माणसं ठेवलीत, त्यांना सांगून ठेवलंय, मला काही झालं तर एकमेकांच्या तोंडाची सालटी काढा. आता जेसिका त्या घरात राहते ती स्वतःहून राहते का? दार उघडं आहे. तिला कोणी बांधलेलं नाही. ती जेवायला बसते, त्याच्याशी बोलते. बाहेरून बघणारा म्हणेल, नांदतेय की चांगली.

त्या घरात एकदा ती त्याला तोंडावर सांगते की तू माझ्यावर बलात्कार केलास. मैत्रिणींनो, त्याला खरंच आश्चर्य वाटतं. तो उलट विचारतो की उत्तम हॉटेलं, उत्तम जेवण, यात बलात्कार कुठला? आणि ती सांगते की मला त्यातलं काहीच नको होतं. मग तो आपलं रडगाणं लावतो. लहानपणी आईबापांनी त्याच्यावर प्रयोग केले, सुया टोचल्या. माझं ऐकून लोक करतात की मनापासून करतात हे मला कळणार कसं, म्हणतो. जेसिका म्हणते, आईबाप माझेही गेले, म्हणून मी कोणावर जबरदस्ती करत फिरत नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त राग इथं आला. आणि सगळ्यात जास्त ओळखीचंही इथंच वाटलं. 'खायला-प्यायला कमी आहे का तुला?' हे वाक्य ऐकलं नाही अशी एक तरी बाई आपल्या शिवारात सापडेल का?

आता जेसिकाचा शेजारी माल्कम. तिच्याच मजल्यावर राहणारा तरणा पोरगा. नशेत असतो, कधी कधी चुकून तिच्याच खोलीत शिरतो. ती त्याला उठवून त्याच्या दारापर्यंत सोडते, रागावते, पण जीव आहे तिचा त्याच्यावर. आणि मग कळतं की किलग्रेव्हला तिचे चोरून फोटो पाठवणारा हाच. दररोज. ज्याला उचलून घरी सोडलं तोच.

आमच्यातली एक म्हणाली, "दे एक ठेवून त्याला." पण पाचव्या भागात मागची गोष्ट दाखवतात. हा माल्कम नशेबाज नव्हताच. शिकणारा, दुसऱ्यांना मदत करायची आवड असलेला पोरगा होता. त्याला नशेला लावलं किलग्रेव्हनंच. पुढं तर हुकूमसुद्धा द्यावा लागत नाही. फोटो दे आणि पुडी घे. ज्यानं विश्वास मोडला त्याचीही मान कुणाच्या तरी हातात होती.

जेसिका त्याला न्हाणीघरात बेडी घालून ठेवते, नशा उतरेपर्यंत. मग ती पुडी त्याच्या हाताशी ठेवते आणि म्हणते, तुझं तू ठरव. आणि निघून जाते. तो पुडी संडासात टाकून पाणी ओढतो. पण त्याला सोडवायची किंमत तिनं मोजलेली असते. किलग्रेव्हनं सौदा केलेला, माल्कमला सोडतो, त्याच्याऐवजी रोज सकाळी दहा वाजता तू स्वतः तुझा फोटो काढून मला पाठवायचा. आणि ती पाठवते.

रोज फोटो. हे बघताना आमच्या केंद्रात शांतता झाली. आमच्याकडे कार्यक्रमाला येणारी एक नवी नवरी आहे, तिला शेतात गेल्यावर दर तासाला व्हिडिओ कॉल लावून आजूबाजूला कोण आहे ते दाखवावं लागतं. आम्ही तिची चेष्टा करायचो, "काय बाई प्रेम!"

आता आमच्या चुकीकडे येतो. ज्या मैत्रिणीची ही गोष्ट आहे तिला विचारून, हे लिहिलेलं तिला वाचून दाखवून मगच सांगतोय. नाव सांगणार नाही आणि तुम्ही ओळखायचा प्रयत्न करू नका.

आमच्यातल्या तिघी एकाच बचत गटात आहेत. गटात अकरा जणी. त्यातल्या एकीनं दोन वर्षांपूर्वी शेळ्या घ्यायच्या म्हणून गटातून वीस हजार घेतले, आणि बँकेच्या कर्जातून चाळीस हजार. आम्ही ठराव केला, सह्या केल्या. तिचा शब्द म्हणजे सोनं. दर महिन्याला सगळ्यांच्या आधी बचत भरणारी बाई ती. चार महिन्यांनी हप्ता थांबला. सचिव तिच्या घरी गेली, तर गोठ्यात शेळ्या नाहीत. एकही नाही. आधी म्हणाली, माहेरी ठेवल्यात. मग म्हणाली, रोग येऊन मेल्या. मग खरं कळलं, पैसे नवऱ्यानं घेतले. त्यातून मोटारसायकल आली आणि त्याची बाहेरची उधारी फिटली.

बँकेच्या कर्जाला गट जबाबदार. तिच्या वाटचे हप्ते आम्ही दहा जणींनी भरले. कोणी कोंबड्या विकून, कोणी मजुरीतून. त्याचा राग होताच. सभेत तिला उभं केलं. आणि आमच्यातल्याच एकीनं, म्हणजे आता इथं माईकसमोर बसलेल्या एकीनं, तिला विचारलं, "सही करताना तुझा हात कुणी धरला होता का?"

ती काही बोलली नाही. पुढच्या सभेपासून आली नाही. रस्त्यात दिसली तरी पदर पुढं ओढून बाजूनं जायची. आम्ही म्हणायचो, खाल्ल्या मिठाला जागली नाही.

आता दहावा भाग. किलग्रेव्ह जेसिकाला म्हणतो, तू माझ्याबरोबर मर्जीनं राहत होतीस, माझ्याकडे पुरावा आहे. एक दिवस गच्चीवर दोघं होते. बारा तास उलटून गेलेले, अंमल उतरला होता. अठरा सेकंद त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं. अठरा सेकंद ती मोकळी होती आणि तरी गेली नाही, त्याच्याजवळ राहिली. म्हणजे तिचंही प्रेम होतं. आणि आपल्याला चित्र दिसतं तसंच, पिवळा झगा, सुंदर गच्ची, ती वळून त्याच्याकडे येते.

मग जेसिका सांगते तिला काय आठवतं ते. तीच गच्ची, तोच झगा. आधी तिला समजलंच नाही की आपण मोकळ्या आहोत. डोक्यातून त्याला काढणं म्हणजे खिडकीवरची बुरशी खरवडून काढल्यासारखं. ती कठड्यापाशी जाते. उडी मारली तर सुटू, असं मनात येतं. पाय उचलणार तेवढ्यात तो हाक मारतो. ती वेळेत निघू शकली नाही, एवढंच. आणि त्यानंतर त्यानं तिला काय सांगितलं? माझं ऐकत नाहीस तर कान कशाला हवेत, कापून टाक. तिच्या कानामागे त्याचा व्रण अजून आहे. ती केस बाजूला करून दाखवते.

एकच गच्ची, एकच अठरा सेकंद. त्याच्या आठवणीत प्रेम, तिच्या कानामागे व्रण. आणि हिशोब मागत होता कोण, तर ज्यानं केलं तोच.

लॅपटॉप बंद झाला. आम्ही चौघी काही वेळ बोललो नाही. मग जिनं तो प्रश्न विचारला होता तीच म्हणाली, "मी त्याच्यासारखंच विचारलं ना तिला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. नवरा घरी नसताना, दुपारी. तिला वाटलं हप्ता मागायला आलो. आत घेतलं नाही, ओसरीवरच बसलो. आम्ही म्हणालो, हप्त्याचं नाही बोलायचं, त्या दिवशी सभेत चुकीचं विचारलं, ते सांगायला आलोय. बराच वेळ ती शेंगा फोडत राहिली. आम्हीही फोडू लागलो. मग खाली बघूनच म्हणाली:

"हात नव्हता धरला. मारलं पण नाही. नऊ दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. पोराला पण बोलू दिलं नाही. मी वाढलेलं ताट तसंच सरकवून ठेवायचे आणि सासूबाई दुसरं वाढायच्या. दहाव्या दिवशी मी म्हटलं, करते सही. तर त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा केला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा. मला तो चहा गोड लागला, ताई. त्याचीच लाज वाटते मला. सही केल्याची नाही एवढी."

मैत्रिणींनो, आम्ही बायकांच्या प्रश्नावर बोलणाऱ्या बायका. माईकवर किती बोलतो. आणि शेजारच्या गल्लीतल्या आपल्याच सभासदाला आम्ही दोन वर्षं चोर समजत होतो.

यावर कायदा काय म्हणतो, तेही सांगतो, कारण पत्रं येतील. आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. शिवीगाळ, अपमान, मानसिक छळ धरलाय, आणि आर्थिक छळही धरलाय. तुमचे पैसे, तुमचं स्त्रीधन काढून घेणं, तुम्हाला घरखर्चाला न देणं, हे सगळं त्यात येतं. तक्रार जिल्ह्यातल्या किंवा तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये, ज्या वर्षी ही मालिका आली त्याच वर्षी, २९ डिसेंबर २०१५ पासून, सतत धाकात आणि कह्यात ठेवणं हा वेगळा गुन्हा ठरला. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एक बोट न लावताही हा गुन्हा होऊ शकतो.

पण कायद्याला पुरावा लागतो, हे मालिकेतही आहे. होप नावाची कॉलेजातली पोरगी, तिच्या हातून किलग्रेव्हनं तिच्याच आईबापांचा खून करवला. ती तुरुंगात बसून सांगते की मी केलं नाही, माझ्याकडून करवलं. कोण विश्वास ठेवणार? जेसिकाची मानलेली बहीण ट्रिश, ती आमच्यासारखीच रेडिओवाली बरं का, ती होपला रेडिओवर बोलू देते. त्याच्यावरून किलग्रेव्ह तिच्या जिवावर उठतो. आम्हाला ती फार आवडली. हळूहळू त्याच्या तावडीतून सुटलेल्या माणसांचा एक गट होतो. कोट दिलेला माणूस, मूल रस्त्यात सोडलेला बाप, असे सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात आणि आपापलं सांगतात. आपल्या सभेसारखंच अगदी. आणि तोच गट पुढे एका शेजारणीच्या सांगण्यावरून जेसिकावरच उलटतो, तिच्या घरात घुसतो. तेव्हा गट म्हटला की सगळं चांगलंच, असं काही नाही. आमचाच गट बघा ना.

शेवट काय होतो? शेवटच्या भागात जेसिका त्याच्या ताब्यात गेल्याचं सोंग करते, तो जवळ येतो, आणि ती त्याची मान मोडते. आमच्या पुण्याच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या.

त्या मैत्रिणीला आम्ही ही सगळी गोष्ट ओसरीवर बसून सांगितली. तिनं विचारलं, "शेवटी मारते का ती त्याला?" म्हटलं, हो. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मला नको तसलं. मला माझं पासबुक पाहिजे."

तिचं पासबुक आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, आणि खात्याला फोन नंबरही नवऱ्याचाच जोडलेला. म्हणजे पैसे आले-गेले तरी निरोप त्याला. तुमच्यात अशा किती जणी आहेत? आज घरी गेल्यावर बघा. तिच्याबरोबर आम्ही बँकेत गेलो. आधार कार्ड नेलं, नंबर बदलायचा अर्ज दिला, जुनं कार्ड बंद करून नवं मागितलं, पासबुकाची नवी प्रत घेतली. पहिल्या दिवशी काम झालं नाही, साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला झालं. नवा नंबर तिच्या स्वतःच्या साध्या फोनचा आहे. पहिला मेसेज आला तेव्हा तिनं तो आम्हाला तीनदा वाचायला लावला. खात्यात दोनशे बारा रुपये होते.

घरी त्यावरून भांडण झालं. पुन्हा अबोला सुरू झालाय. या वेळी तिनं तो मोजायचा नाही असं ठरवलंय. तक्रार करायची की नाही ते तिनं अजून ठरवलेलं नाही, आणि आम्ही तिला घाई करत नाही. संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर तिच्याकडे आहे.

गटाचं म्हणाल तर तिथंही मिटलेलं नाही. आम्ही भरलेले पैसे तिनं परत करावेत असं चार जणींचं म्हणणं आहे, आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही. त्यातल्या एकीनं त्या हप्त्यापायी लेकीचं शिवणयंत्र विकलं होतं. तिला किलग्रेव्हची गोष्ट सांगून काय उपयोग? महिना पाचशे देते, असं ती स्वतः म्हणाली आहे. कामाला जाते, मजुरी आता तिच्या खात्यात येते. व्याज माफ करायचं की नाही, यावर पुढच्या सभेत मतं घ्यायची आहेत. नवा एक ठराव मात्र सगळ्यांनी मान्य केला. यापुढे कर्ज मागणाऱ्या बाईला सह्या करायच्या आधी दोन सभासदांनी घरी नव्हे, शेतात किंवा पाण्यावर, एकटी गाठून विचारायचं, "हे तुला पाहिजे का?" आणि ती नाही म्हणाली तर गटानं सांगायचं की यंदा पैसे शिल्लक नाहीत. म्हणजे नकार गटाचा होतो, तिच्यावर येत नाही.

गेल्या सभेला ती आली होती. दाराजवळ बसली. सचिवानं हजेरी घेताना तिचं नाव घेतलं, आणि ती "हजर" म्हणाली.